‘बाबा’ की ‘दादा’? डोळे आणि कान वेगवेगळे सांगतात तेव्हा

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून दोन वर्षांपासून दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात. बंगळुरूचा नातू व्हिडिओ कॉलवर ‘बाबा’ म्हणतो तेव्हा त्यांना ‘दादा’ ऐकू येते, आणि त्यांनीच एकदा डोळे मिटून ऐकले तेव्हा तो शब्द स्वच्छ ‘बाबा’ निघाला. शिवाय दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेल्या मालिका लावल्या की ‘यांचे बोलणे तोंडाबाहेरच राहते’ असे म्हणून त्या उठून जातात. मशीन बिघडले आहे, वयामुळे बुद्धीला काही होऊ लागले आहे की आणखी काही, आणि डोळे व कान वेगवेगळे सांगू लागले तर मेंदू खरे कोणाचे धरतो, हे आपण विचारले आहे.

नाशिकमध्ये श्रवणतपासणी करता करता मला बावीस वर्षे झाली. तेवढ्या अनुभवावर पहिल्या दोन शंका बहुतांशी निराधार वाटतात. डोळे मिटताच शब्द बरोबर ऐकू येत असेल, तर यंत्र आवाज नीट पोहोचवत आहे आणि शब्द ओळखणारा मेंदूही जागेवर आहे. सासूबाईंच्या बाबतीत घडते आहे ते तुमच्या-माझ्या बाबतीतही दिवसभर घडत असते; त्यांच्या ते लक्षात आले एवढेच. तिसरा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागणारा आहे, कारण ‘मेंदू डोळ्यांचे ऐकतो’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धेच खरे आहे.

सुरुवात आपल्या वर्णमालेपासून केलेली बरी. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग उच्चाराच्या स्थानानुसार लावलेले आहेत आणि प्रत्येक वर्गात अघोष (कंठात कंप न होणारे), घोष (कंप होणारे), अनुनासिक (नाकातून येणारे) असा क्रम आहे. आता आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पाट’, ‘बाट’, ‘माठ’ म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. डोळ्यांना स्थान दिसते, निदान ओठ मिटले की नाही एवढे तरी निश्चित दिसते. परंतु घोष कंठात होतो आणि अनुनासिकाचा मार्ग नाकातून जातो, त्यामुळे ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही. कानाचे याच्या अगदी उलट आहे. मिलर आणि नाइसली या दोन संशोधकांनी १९५५ मध्ये गोंगाटात इंग्रजी व्यंजने ऐकवून श्रोत्यांच्या चुकांचे तक्ते मांडले, तेव्हा असे दिसले की घोष-अघोष आणि अनुनासिक हे भेद बऱ्याच गोंगाटातही टिकतात, आणि उच्चारस्थान सर्वांत आधी हातचे जाते. म्हणजे गर्दीत ‘ब’ आणि ‘प’ यांत कान सहसा फसत नाही, पण ‘ब’, ‘द’ आणि ‘ग’ यांत फसतो. आणि नेमकी हीच उणीव डोळा भरून काढतो. एकाला जे कळत नाही ते दुसऱ्याला कळावे, अशी ही सोयीची जोडी आहे.

वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात ही विभागणी अधिकच ठळक होते, कारण तो सहसा वरच्या पट्टीपासून सुरू होतो. ऑडिओग्रामची, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येते हे दाखवणाऱ्या आलेखाची, रेघ २००० हर्ट्झनंतर खाली घसरू लागते. घोषाची खूण खालच्या पट्टीत असते, म्हणून ती शाबूत राहते. उच्चारस्थान सांगणाऱ्या बारीक खुणा बऱ्याचशा वरच्या पट्टीत असल्याने त्या पुसट होतात. ‘आवाज येतो हो, शब्द कळत नाही,’ हे दवाखान्यात रोज कानावर पडणारे वाक्य या घसरलेल्या रेघेचेच वर्णन आहे. ‘थांबा, चष्मा लावते, मग ऐकू येईल,’ असे एखाद्या आजी म्हणाल्या की सोबतची मंडळी हसतात. मी हसत नाही, कारण आजी अक्षरशः खरे बोलत असतात.

माझ्या टेबलाच्या खणात भरतकामाची एक लाकडी रिंग असते आणि तिच्यावर पातळ काळे कापड ताणलेले असते. शब्दचाचणी घेताना मी ती तोंडासमोर धरते. आवाज कापडातून आरपार जातो, ओठ दिसत नाहीत. हात धरला किंवा कागद धरला तर आवाजही दबतो, म्हणून ही रिंग. गेल्याच महिन्यात पंचवटीतील एका आजोबांना मी रिंगमागून ‘पाट’ म्हटले, ते ‘काठ’ म्हणाले; ‘बाक’ म्हटले, ते थांबून ‘डाग’ म्हणाले. मग रिंग खाली घेतली आणि त्याच आवाजात तेच शब्द पुन्हा म्हटले. दोन्ही बरोबर आले. ‘आता जरा मोठ्याने बोललात,’ असे ते मला म्हणाले. आवाजमापकाचा काटा मात्र जागचा हलला नव्हता. ओठांकडून मिळालेली माहिती त्यांना पाहिल्यासारखी वाटलीच नाही, ती ऐकल्यासारखी वाटली. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा ‘अचानक कमी ऐकू येऊ लागले’ अशी तक्रार घेऊन जी रांग लागली, तिच्यातील अनेकांचा ऑडिओग्राम जुन्या ऑडिओग्रामवर ठेवला तर रेघ तंतोतंत जुळत होती.

पाहिलेले ऐकल्यासारखे वाटते याला मेंदूतही आधार आहे. जेमा कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की आवाज मुळीच नसलेले, नुसते बोलणारे ओठ पाहतानाही मेंदूतील श्रवणाचा भाग कामाला लागतो. येथे एक अवांतर विचार मनात येतो. ज्यांचे स्मारक आपल्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे त्या दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या मूकपटासमोर बसलेल्या प्रेक्षकांचा हा भाग तेव्हा किती जागा झाला असेल!

आता दोन्ही साक्षी मुद्दाम विसंगत केल्या तर काय होते ते पाहू. १९७६ मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांच्या चित्रफितीत ओठ ‘ग’ म्हणत होते आणि त्यावर आवाज ‘ब’चा बसवला होता. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना ना ‘ब’ ऐकू आला ना ‘ग’. त्यांना ‘द’ ऐकू आला. डोळे मिटले की ‘ब’ परत येई, उघडले की ‘द’. पाहणाऱ्यांना आपण काही विसंगत पाहत आहोत हे जाणवतही नव्हते.

हा ‘द’ कोठून आला, हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. डोळा म्हणतो, ओठ मिटलेच नाहीत, तेव्हा ओष्ठ्य वर्ण असूच शकत नाही. मात्र तोंडाच्या आत जीभ नेमकी कोठे टेकली हे त्याला धड दिसत नाही. कान म्हणतो, वर्ण घोष आहे, याबद्दल शंका नाही. स्थान मात्र खात्रीने सांगता येत नाही, तरी ‘ग’पेक्षा ‘द’ला जवळचे वाटते. दोघांच्याही सांगण्याला कमीत कमी बाधा आणणारा वर्ण शोधला तर ‘द’ हाती लागतो. उलटी जुळणी केली, म्हणजे ओठ ‘ब’चे आणि आवाज ‘ग’चा, तर असा सुवर्णमध्य निघत नाही, कारण मिटलेले ओठ डोळ्यासमोर असताना ते मिटलेच नाहीत असे म्हणण्याची सोय उरत नाही. तेव्हा लोकांना ‘ब्ग’ किंवा ‘गब’ असे दोन्ही वर्ण एकापाठोपाठ ऐकू येतात.

आता सासूबाईंच्या ‘दादा’कडे वळू. त्यांना ‘ताता’ ऐकू आले नाही, ‘नाना’ही ऐकू आले नाही. घोष जसाच्या तसा राहिला, अनुनासिकही शिरले नाही, फक्त स्थान ओठांवरून दातांवर गेले. म्हणजे कानाचे जे सांगणे भरवशाचे होते ते मेंदूने ठेवले आणि ज्या बाबतीत कान डळमळीत होता तेथे डोळ्याचे घेतले. व्हिडिओ कॉलमध्ये नेट मंद झाले की बहुधा आवाज सांभाळला जातो आणि चित्राचे तुकडे गाळले जातात किंवा मागे पडतात; ओठ मिटल्याचा क्षणच गळून गेला, तर ‘बा’ ऐकू येत असताना समोर उघडे तोंड दिसते. मेंदूने काढलेला निष्कर्ष योग्यच होता, त्याला मिळालेले चित्र चुकीचे होते.

हे रहस्य माहीत झाल्याने परिणाम जात नाही, हेही सांगून ठेवते. आमच्या मदतनीस मुलीच्या ओठांवर दुसराच आवाज बसवून केलेली एक छोटी चित्रफीत माझ्या संगणकावर आहे. एका रुग्णासोबत आलेल्या त्यांच्या मुलाने ती पाहिली, सगळे समजावून घेतले, आणि मग दहा-बारा वेळा डोळे उघडझाप करत बसला. प्रत्येक उघडीला ‘दा’, प्रत्येक मिटीला ‘बा’. त्याच वेळी शेजारी बसलेल्या त्याच्या पत्नीला मात्र प्रत्येक वेळी ‘बा’च ऐकू येत होते, आणि नवरा थट्टा करतो आहे अशी तिची समजूत झाली. दोघांचीही श्रवणशक्ती उत्तम होती. व्यक्तीव्यक्तींत एवढा फरक असतो, म्हणून ‘मला तर तसे ऐकू येत नाही’ असे म्हणून घरातल्या माणसाला कोणी खोटे पाडू नये.

‘कोणता वर्ण’ हा झाला एक प्रश्न. ‘आवाज कोठून आला’ हा प्रश्न विचारला की वाटणी बदलते. संध्याकाळी रामकुंडावर गोदावरीची आरती चालू असताना पायऱ्यांवर बसून पाहा. म्हणणारे गुरुजी समोर असतात, ध्वनिक्षेपक बाजूच्या खांबावर असतो, तरी आवाज गुरुजींच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. डोळे मिटा, काही क्षणांत तो खांबाकडे सरकतो. बोलक्या बाहुल्यांचा खेळ याच बळावर चालतो. शब्दभ्रमकार आवाज ‘फेकतो’ असे आपण म्हणतो, पण रामदास पाध्यांच्या अर्धवटरावांच्या तोंडी आवाज नेऊन ठेवण्याचे काम प्रेक्षकांचा मेंदू करत असतो. कलावंताने स्वतःचे ओठ स्थिर आणि बाहुल्याचे ओठ वेळेवर हलते ठेवायचे असतात. (ओठ न हलवता ‘प-फ-ब-भ-म’ म्हणणे ही या कलेतली खरी परीक्षा आहे, हे वरील विवेचनावरून सहज ध्यानात येईल.)

दिशेच्या बाबतीत डोळा वरचढ ठरतो त्याचे कारण साधे आहे. दृश्याची जागा डोळ्याच्या पडद्यावर थेट उमटते. कानाला मात्र दिशा हिशेबाने काढावी लागते, आणि तोही दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातील फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपासच्या फरकावरून आणि आवाजाच्या कमीजास्तपणावरून. तेव्हा डोळ्याला झुकते माप मिळते. पण हे माप त्याला कायमचे बहाल केलेले नाही. डेव्हिड अलेस आणि डेव्हिड बर यांनी २००४ मध्ये प्रयोगातील प्रकाशाचे ठिपके हळूहळू पुसट करत नेले. ठिपका रेखीव असताना आवाज त्याच्याकडे ओढला गेला. तो फारच पुसट झाला तेव्हा उलट घडले, ठिपकाच आवाजाकडे ओढला गेला. मधल्या अवस्थेत दोहोंच्या दरम्यानची जागा जाणवली, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ती जाणीव एकट्या डोळ्याच्या किंवा एकट्या कानाच्या जाणिवेपेक्षा अधिक नेमकी होती.

हिशेब समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. दिशा सांगताना डोळा साधारण २ अंशांनी चुकतो आणि कान ६ अंशांनी, असे धरा. मेंदू प्रत्येकाला त्याच्या चुकीच्या वर्गाच्या (चूक गुणिले चूक) व्यस्त प्रमाणात वजन देतो, म्हणजे डोळ्याला ३६ तर कानाला ४, अर्थात ९ विरुद्ध १. खांब गुरुजींपासून १० अंश बाजूला असेल, तर आवाज गुरुजींपासून जेमतेम १ अंश सरकलेला वाटेल आणि तो तेवढा कोणालाच जाणवणार नाही. आता अंधार पडला, डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि डोळ्याची चूकही ६ अंशांवर गेली असे समजा. वजने समान होतील आणि आवाज मधल्याच रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटेल. मोतीबिंदू वाढलेली माणसे ‘कोण बोलले तेच कळत नाही’ म्हणून कानाची तपासणी करायला येतात त्याचे एक कारण येथे आहे. कानाच्या तपासणीसोबत डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी देण्याची सवय मला याच रुग्णांनी लावली.

तिसरा प्रश्न ‘केव्हा’ हा, आणि तेथे कान श्रेष्ठ. लादन शम्स, युकियासु कामितानी आणि शिन्सुके शिमोजो यांचा २००० सालचा प्रयोग यासाठी पुरेसा आहे: पडद्यावर प्रकाश एकदाच लुकलुकला आणि त्यासोबत दोन टिक्‌ टिक्‌ ऐकवले, तर पाहणाऱ्याला प्रकाश दोनदा लुकलुकल्यासारखा दिसतो. डोळ्यांवरचा विश्वास उडावा असा हा अनुभव आहे.

‘केव्हा’च्या बाबतीत मेंदू थोडी सूटही देतो. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत रविवार कारंजाच्या परिसरातील एखाद्या गच्चीवरून ढोलपथक पाहिले असेल, तर टिपरू आधी पडते आणि ठोका मागून येतो हे आपण अनुभवले असेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक १०० मीटरवर असेल तर ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा येतो आणि तो फरक स्पष्ट जाणवतो. पथक ३० मीटरवर आले की उशीर ०.०९ सेकंदाच्या आसपास उरतो आणि टिपरू व ठोका एकजीव होतात, जरी घड्याळाच्या हिशेबाने ते एकत्र नसतात. दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी १९९८ मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज चित्राच्या आधी आल्यास ४५ मिलिसेकंद आणि नंतर आल्यास १२५ मिलिसेकंद अशा जाणवण्याच्या मर्यादा दिल्या आहेत. आवाज उशिरा आलेला आपण बराच खपवून घेतो, आधी आलेला घेत नाही, कारण निसर्गात वीज दिसण्याआधी गडगडाट कधी होत नाही.

या सर्वांच्या आधी मेंदूला एक निवाडा करावा लागतो: समोर दिसते ते आणि कानावर पडते ते एकाच घटनेचे आहे का? वेळ, जागा आणि अर्थ यांत थोडासाच मतभेद असेल तर ‘एकच घटना’ असे ठरते आणि वजनांचा हिशेब सुरू होतो. मतभेद फार असेल तर हिशेब बंद. दोन साक्षीदार दोन वेगळ्या प्रकरणांतले आहेत असे धरून प्रत्येकाचे स्वतंत्र ऐकले जाते. सासूबाईंचे ‘बोलणे तोंडाबाहेरच राहते’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे, कारण या निवाड्याचे इतके अचूक वर्णन मला पाठ्यपुस्तकात सापडले नाही. अनुवादित संवाद लिहिणारे कसलेले लेखक पडद्यावर ओठ मिटतात तेथे ‘प’, ‘ब’, ‘म’ येईल असा मराठी शब्द शोधतात; घाईने केलेल्या मालिकांत तेवढी मेहनत दिसत नाही. मग ओठांची मदत तर मिळत नाहीच, उलट ते खोटी साक्ष देत राहतात. चांगल्या कानाचा प्रेक्षक ती दुर्लक्षून पुढे जातो. कमी ऐकू येणाऱ्याला मात्र ओठांवरच भिस्त ठेवण्याची सवय झालेली असते, त्यामुळे सर्वांत जास्त थकवा त्यालाच येतो, आणि त्याच्या उठून जाण्याला घरातले लोक हट्टीपणा म्हणतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. श्रवणयंत्राच्या स्वतःच्या प्रक्रियेला लागणारा वेळ काही मिलिसेकंदांचाच असतो, त्याची काळजी नको. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने यंत्रात किंवा स्पीकरमध्ये घेत असाल तर मात्र १०० ते २०० मिलिसेकंदांचा आणि कधी त्याहून जास्त उशीर होऊ शकतो. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करण्याची सोय असते, ती बातम्या लावून, निवेदकाच्या ओठांकडे पाहत, सासूबाईंच्याच सांगण्यावरून जुळवावी. आपल्या डोळ्यांना बरोबर वाटते म्हणून तेथे थांबू नये. त्यांचा चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नसेल तर तो तपासून घ्यावा. घरात बोलताना खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण उजेड पाठीमागून आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसेनासे होतात.

एकाच कानाचे ऐकणे अचानक कमी झाले, डोळे मिटूनही शब्द चुकू लागले, किंवा ओळखीच्या शब्दाचा अर्थच लागेनासा झाला, तर ते प्रकरण वेगळे. विशेषतः अचानक आलेल्या बहिरेपणात दिवस न घालवता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण त्यावरील उपचाराला वेळेचे बंधन असते.

कॉलच्या बाबतीत माझा सल्ला असा की चित्र अडखळू लागले की सासूबाईंनी फोन टेबलावर उपडा ठेवून नुसते ऐकावे, आणि नेट सुधारले की पुन्हा उलटावा. खोटे ओठ पाहण्यापेक्षा ओठ न पाहणे बरे. नातवालाही त्याच्या आईने एवढे शिकवावे की आजीशी बोलताना फोन कानाला न लावता हातभर अंतरावर, चेहऱ्यासमोर धरायचा आणि तोंडात बिस्किट असेल तर आधी ते संपवायचे.